युरोपची सहल: आधी पासपोर्ट, मग नकाशा

सुटी लागली की इथली मराठी कुटुंबे मोटारीने युरोपला निघतात. १९८५ च्या शेंगेन करारामुळे फ्रान्समधून स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियात जाताना सहसा कोणी अडवत नाही. खरी तपासणी होते ती इंग्लंडातच. बोगद्याच्या गाडीत मोटार चढवण्यापूर्वी, फोकस्टोनला, फ्रेंच अधिकारी पासपोर्ट पाहतात. नातवंडे ब्रिटिश आणि आजी भारतीय, अशा घराने म्हणूनच आजीच्या व्हिसापासून आखणी करावी. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखे असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. पुण्याहून येणाऱ्या आजीने शेंगेन व्हिसा भारतातूनच आणलेला बरा. इंग्लंडचा व्हिसाही पुन्हा प्रवेश देणारा हवा. मग खुशाल हॉटेले ठरवावीत!