रस्त्यावरचा अपघात : पहिला तास आणि पहिला कागद

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की परंडा तालुक्यातील रस्त्यांचे रूप पालटते. बार्शी, करमाळा, भूम, कोणत्याही दिशेने निघा, एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले दिसतात. रात्रीच्या वेळी मागची ट्रॉली विनादिव्याची असेल, उसाची वाढे बाहेर लोंबत असतील आणि मागून येणारा मोटारसायकलवाला किंवा जीपवाला वेगात असेल, तर पुढे काय होते ते सांगायला नको. दिवस उजाडला की गावात चर्चा होते, "त्याची वेळ भरली होती." परंतु बहुतेक अपघातांत वेळ भरलेली नसते. कोणाची तरी चूक झालेली असते, आणि बरेचदा उपचाराला उशीर झालेला असतो. या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झालेल्या अपघातांतील होते. हेल्मेट न घातलेले ५० हजार आणि सीटबेल्ट न लावलेले १६ हजारांहून अधिक लोक त्यात होते. महाराष्ट्राचा वाटा पंधरा हजारांच्या वर होता.

वेग शरीराला काय करतो?

वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धडकणे म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्यासारखे आहे. शिवाय समोर काही दिसल्यावर ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. तेवढ्यात या वेगाची गाडी १६ ते १७ मीटर पुढे गेलेली असते. अंधारात विनादिव्याची ट्रॉली दिसेपर्यंत अंतरच उरत नाही.

दुसरे कारण झोप. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीर स्वभावतःच झोप मागते. लग्नाहून किंवा देवदर्शनाहून रातोरात परतणाऱ्या गाड्यांचे अपघात या वेळी अधिक होतात. चहा पिऊन, तोंडावर पाणी मारून झोप थोडा वेळ लांबते, जात नाही. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास झोपणे हाच खरा उपाय. तिसरे कारण दारू. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास तो गुन्हा आहे. परंतु निर्णय घेण्याची शक्ती त्याहून कमी मद्यानेही मंदावते, हे लक्षात ठेवावे.

बाहेरून न दिसणारी जखम

३ जून २०१४ रोजी दिल्लीत तत्कालीन केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली. ते मागच्या आसनावर बसले होते. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. तपासणीत यकृत फुटून आत रक्तस्राव झाल्याचे आढळले. साऱ्या मराठवाड्याला चटका लावून गेलेल्या या घटनेतून दोन धडे घ्यावयाचे आहेत. पहिला, मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावलाच पाहिजे. कायद्याने तो आवश्यकच आहे. दुसरा, रक्त दिसत नाही म्हणजे मार लागला नाही असे मुळीच नाही.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले तर लिटरभर रक्त आतल्या आत जमा होऊ शकते. यकृत किंवा प्लीहा फुटली तर त्याहून अधिक. डोक्याला मार लागलेला माणूस कधी कधी उठून बसतो, बोलतो, "मला काही झालं नाही" म्हणतो आणि काही तासांत बेशुद्ध पडतो. म्हणून उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, पोट कडक होणे, अंगाला थंड घाम येणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर रुग्णाला घरी न ठेवता ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

पहिल्या तासात काय करावे?

अपघातानंतरच्या पहिल्या तासात योग्य उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. परंड्याहून बार्शी सुमारे २५ किलोमीटर, आणि बार्शीहून सोलापूर आणखी ७० किलोमीटर. त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.

१) प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, ११२ वर पोलिसांना कळवा.
२) वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून घट्ट दाबून धरा. हळद, माती, चहापूड काही भरू नका.
३) बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाते. शुद्धीवर असला तरीही पाजू नका, कारण शस्त्रक्रिया करावी लागू शकते.
४) मान व पाठ न वाकवता, चार जणांनी मिळून, फळीवर उचला. हातपाय धरून झोळीसारखे उचलू नका.
५) बेशुद्ध रुग्णाला उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून एका कुशीवर करा.

"मदत केली तर पोलिसांचे लफडे मागे लागेल" या भीतीने अनेक जण पाहून पुढे जातात. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि त्यानंतर २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. तातडीचे उपचार नाकारता येणार नाहीत, हे तर न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलेले आहे. मे २०२५ पासून केंद्राची योजनाही आहे. त्यानुसार योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात.

रुग्णालयातील पहिला कागद

येथे फार मोठी चूक होते. पोलीस केस नको म्हणून नातेवाईक डॉक्टरांना सांगतात, "घसरून पडला." केसपेपरवर तेच लिहिले जाते. पुढे महिन्याने पाय कापावा लागला, पैसा संपला, आणि मग भरपाईचा विचार सुचतो. तेव्हा विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो. म्हणून डॉक्टरांना खरे तेच सांगावे: कोठे, किती वाजता, कोणत्या वाहनाने धडक दिली. औषधांच्या पावत्या, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावेत. अपंगत्व आल्यास सरकारी वैद्यकीय मंडळाचा दाखला घ्यावा.

जबाबदारी कोणाची?

चालकाची चूक असेल तर नुकसानभरपाईची जबाबदारी चालकाबरोबरच वाहनमालकावरही येते. विमा असेल तर ती रक्कम विमा कंपनी भरते. म्हणूनच त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे. जखमीचीही काही चूक ठरली तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे.

ट्रॅक्टरमालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मालवाहू वाहनात बसवलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनी सहसा नाकारते. ट्रॉलीत वऱ्हाड किंवा मजूर बसवले आणि ट्रॉली उलटली, तर भरपाईसाठी मालकाची जमीन विकण्याची पाळी येऊ शकते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

तडजोडीपूर्वी हिशेब करा

गावात अनेकदा पाच-पन्नास हजारांवर प्रकरण मिटवले जाते. एक उदाहरण पाहू. समजा, ३० वर्षांचा विवाहित तरुण स्वतःच्या धंद्यात महिना १२ हजार मिळवत होता आणि घरी चार जण त्याच्यावर अवलंबून होते. वर्षाचे १ लाख ४४ हजार, त्यात पुढील वाढीचे ४० टक्के धरून २ लाख १ हजार ६०० होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा भाग वजा करता १ लाख ५१ हजार २०० उरतात. या वयाला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेला गुणक १७ आहे. म्हणजे २५ लाख ७० हजार ४०० रुपये, आणि इतर रकमा वेगळ्या. गृहिणीच्या कामाचेही उत्पन्न धरले जाते. जखमीच्या बाबतीत केवळ अपंगत्वाची टक्केवारी नव्हे, तर त्याची कमाई किती बुडाली हे पाहिले जाते. हात गेलेल्या कारकुनाची आणि हात गेलेल्या ऊसतोड मजुराची हानी सारखी नसते.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करायचा असतो. अपघात जेथे झाला तेथे किंवा आपण जेथे राहतो त्या भागातील न्यायाधिकरणात तो करता येतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, ती पाळावी. उलटून गेली असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय हक्क सोडू नये. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आज संध्याकाळी एवढे करा. घरातील प्रत्येक वाहनाच्या विम्याची तारीख पाहा. ट्रॉली असेल तर तिचीही नोंदणी व विमा तपासा आणि मागे लाल परावर्तक पट्टी चिकटवा. भरपाई कितीही मोठी मिळाली तरी गेलेला माणूस परत येत नाही. चिकटपट्टीला मात्र फार खर्च येत नाही.