डांबरी सडकेची निगराणी

नव्या रस्त्याच्या वाट्याला नारळ, कोनशिला आणि पुढाऱ्यांची भाषणे येतात. परंतु तोच रस्ता पुढे वर्षानुवर्षे वाहता ठेवण्याचे जे काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दप्तरी ‘देखभाल व दुरुस्ती’ या नावाने नोंदले जाते, त्याचे उद्घाटन करावयास कोणी आल्याचे ऐकिवात नाही. दौलताबाद, वेरूळ, अजिंठा या स्थळांमुळे साऱ्या जगाचे प्रवासी ज्या छत्रपती संभाजीनगरात उतरतात, तेथे तरी या उपेक्षित खात्याची ओळख करून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

मराठवाड्याच्या भूमीने सडकेला उत्तम खडी दिली, कारण येथला काळा पाषाण कठीण आहे. आणि त्याच भूमीने सडकेला वैरीही दिला, कारण येथली काळी माती पाणी पिऊन फुगते, चैत्र-वैशाखात भेगाळते, आणि तिच्या या श्वासोच्छ्वासाबरोबर वरचा रस्ताही उचलला जाऊन खचतो. म्हणून पायथ्याशी मुरूम घालतात, पाण्याला गटार व मोरी देतात, साइडपट्टीला बाहेरच्या अंगाने उतार ठेवतात. पातळ डांबरी थराचे मुख्य कार्य तर पावसाला खाली उतरू न देणे हेच होय; केसाएवढ्या भेगेतून पाणी आत गेले, त्यावरून उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या गेल्या, की खड्डा पडलाच म्हणून समजावे.

तो भरण्याचीही रीत आहे. खड्ड्याच्या कडा चौकोनी व उभ्या छाटाव्या, ब्रशाने धूळ काढावी, तळाला व कडांना डांबराचा पातळ हात द्यावा, गरम मिश्रण भोवतालापेक्षा किंचित उंच भरावे आणि मग रोलर फिरवावा. पाणी साचलेल्या खड्ड्यात मुरूम लोटून फावड्याने थोपटण्याचा जो प्रकार भर श्रावणात सर्रास दिसतो, त्याला दुरुस्ती म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे.

पूर्वी प्रत्येक टप्प्यावर मैलकुली असे. गटारातला गाळ उपसणे, झाडांना गेरू-चुना लावणे, लहान खड्डा लहान असतानाच बुजविणे ही त्याची कामे. आणि मुकादमाच्या हाताखालचा हा सामान्य माणूस आपल्या हद्दीतला प्रत्येक उंचवटा नावानिशी ओळखी. आज तो क्वचितच दिसतो. त्याची जबाबदारी निविदेतील दोषदायित्वाच्या कलमाकडे गेली आहे, आणि अलीकडे शासनाने ‘हायब्रीड अॅन्युइटी’ पद्धतीने दिलेल्या कामांत तर बांधणाऱ्यानेच पुढील अनेक वर्षे रस्ता सांभाळावा व त्याच्या पैशाचा काही हिस्सा हप्त्याहप्त्याने घ्यावा, अशी तजवीज आहे. ही व्यवस्था मला तत्त्वतः मान्य आहे; ज्याला स्वतःच दुरुस्ती करावयाची आहे, तो डांबरात काटकसर करण्यापूर्वी दोनदा विचार करील. तथापि कलमाला डोळे नसतात, तुंबलेली मोरी त्याला दिसत नाही.

राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग बांधकाम विभागाकडे, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, शहरातले बहुतेक रस्ते महानगरपालिकेकडे, अशी ही वाटणी आहे. तेव्हा वाचकांनी तक्रारअर्ज लिहिण्यापूर्वी रस्ता कोणाच्या हद्दीत येतो याची चौकशी करावी, आणि अर्जात खड्ड्याबरोबर त्याच्या शेजारचे तुंबलेले गटारही अवश्य नमूद करावे.