सही पालकांची, कातडी लेकराची

टॅटूची शाई कातडीवर बसत नाही, कातडीच्या आत जाते. त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, साधारण महिनाभरात झडून नवा होतो. तिथे काढलेले चित्र मेंदीसारखे उतरून जाईल. म्हणून यंत्राची सुई हा थर भेदून खालच्या अंतस्त्वचेत, सुमारे एक ते दोन मिलिमीटर खोल, शाईचे कण सोडते. शरीराला हे कण परके वाटतात. महाभक्षी पेशी धावून येतात आणि कण गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत. त्या पेशी मेल्या की मोकळी झालेली शाई शेजारच्या नव्या पेशी गिळतात. फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ही देवघेव दाखवून दिली. टॅटू वर्षानुवर्षे टिकतो तो या न संपणाऱ्या झुंजीमुळे. काही कण तर लसिकेबरोबर वाहत जाऊन जवळच्या लसिकाग्रंथींत साचतात, म्हणजे हातावरच्या चित्राचा अंश काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचतो. ‘कायमचा टॅटू’ या शब्दांचा शारीरिक अर्थ हा आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आई-वडिलांच्या संमतीने टॅटू काढू द्यावा का, हा प्रश्न या ‘कायमचा’ शब्दापासूनच सुरू होतो.

पालकांच्या संमतीने कोवळ्या वयात अंगावर खूण करून घेणे महाराष्ट्राला नवे नाही. विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचे पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली यांनी १८९१ मध्ये घेतले. एडिसन यांच्या विजेच्या लेखणीवरून ते बेतलेले होते. इकडे गोंदण त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले होते. गोंदणारीण बाजाराच्या दिवशी, जत्रेत किंवा दारोदार फिरून गोंदायची. दिव्याची काजळी, कुठे त्यात पाल्याचा रस आणि एकत्र बांधलेल्या सुया, एवढेच तिचे साहित्य. कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके, हातावर तुळस, विंचू, लक्ष्मीची पावले, भावाचे किंवा नवऱ्याचे नाव. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, अशा घरांत ते हातावर मात्र लिहिलेले असे. दागिने इथेच राहतात, मेल्यावर बरोबर येते ते फक्त गोंदण, असे म्हातारी माणसे सांगत. मध्य भारतातल्या बैगा समाजात मुलीच्या कपाळावरचे पहिले गोंदण आठ-नऊ वर्षांच्या सुमारास होई.

या गोंदणात संमती पूर्णपणे वडीलधाऱ्यांची होती. मुलीला कुणी विचारत नसे. ती रडली तर घरातल्या बायका तिला धरून ठेवत. तरीही ती खूण पुढे तिला सहसा जड गेली नाही, कारण आईच्या, आजीच्या, जावेच्या अंगावर तेच ठिपके होते. सगळ्या गावाचे कपाळ सारखे होते. गाव बदलले तेव्हा मात्र हिशेब बदलला. शिक्षणासाठी, नोकरीसाठी शहरात आलेल्या कित्येक बायकांना कपाळावरचा हिरवट ठिपका नकोसा झाला. भारतात लेझरने टॅटू पुसून घ्यायला त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्यांत परंपरागत गोंदण असलेल्या बायकाही असतात. लहानपणी दुसऱ्याने घेतलेला निर्णय मोठेपणी स्वतःच्या पैशाने पुसायचा, असा हा व्यवहार झाला.

आजचा टॅटू गोंदणासारखा दिसला तरी त्याचा अर्थ उलटा आहे. गोंदण माणसाला समाजात सामावून घेई; टॅटू ‘हा मी’ असे सांगतो. राजमुद्रा, महादेव, देवनागरीतले ‘आई’, मित्राचे किंवा मैत्रिणीचे नाव, आवडत्या खेळाडूच्या जर्सीचा आकडा यांपैकी काहीही असो, ती एका माणसाची स्वतःची निवड असते. म्हणून निवडणारा माणूस पुरता तयार झालेला असणे इथे गोंदणाहून जास्त गरजेचे आहे. पालकांची संमती ही जुन्या व्यवस्थेतली चावी आहे. या नव्या कुलपाला ती लागत नाही.

कायदा काय म्हणतो? भारतात टॅटूसाठी वयाची अट घालणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. सामान्य कायदे मात्र लागू होतात. १८७५ च्या कायद्यानुसार माणूस १८ व्या वर्षी सज्ञान होतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, आणि तिने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात ठरवून टाकले. भारतीय न्याय संहितेतल्या संमतीच्या तरतुदी आणखी बोलक्या आहेत. स्वतःला इजा करवून घेण्याची संमती ग्राह्य धरणारे कलम २५ अठरा वर्षांवरच्या व्यक्तीबद्दल बोलते. पालकाच्या संमतीचे कलम २७ बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल आहे. या तरतुदी टॅटू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या नाहीत, पण त्यांतला विचार स्पष्ट आहे. मुलाच्या अंगाला हात लावण्याचा पालकाचा अधिकार त्याच्या हितापुरता आहे. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेची सही या चौकटीत बसते. दंडावरच्या वाघाची सही त्यात बसवायला बरीच ओढाताण करावी लागते.

इतर देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला आहे. डेन्मार्कने १९६६ मध्येच अठराखालच्यांना टॅटू काढण्यास बंदी केली. चेहरा, मान आणि हाताचे पंजे तर तिथल्या कायद्याने मोठ्यांनाही वर्ज्य ठरवले. ब्रिटनच्या १९६९ च्या कायद्यात पालकांच्या संमतीला जागाच नाही. वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरने केलेला टॅटू तेवढा अपवाद. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात पालक ‘हो’ म्हणाले तरी चालत नाही. काही राज्यांत पालकांची संमती पुरते, काही ठिकाणी त्यांना समोर हजरही राहावे लागते. टेक्सासची तरतूद वेगळीच आहे: अल्पवयीन मुलाच्या अंगावर टोळीची किंवा अश्लील खूण आधीच असेल, तर ती झाकण्यापुरता नवा टॅटू पालकांच्या संमतीने काढता येतो. फ्रान्समध्ये पालकांची लेखी परवानगी लागते.

वैद्यकीय अपवाद रास्तच आहे. कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या अंगावर किरणांचा नेम चुकू नये म्हणून बारीक ठिपके गोंदतात, आणि त्यात लहान मुलेही असतात. ओठांवरच्या कोडासाठीही डॉक्टर रंगद्रव्य गोंदतात. इथे पालकांची सही मुलाला काहीतरी मिळवून देते.

हौसेच्या टॅटूत किशोरवयाचे काही खास धोके आहेत. जखमेच्या जागी वण फुगून मूळ जखमेबाहेर पसरतो, त्याला केलॉइड म्हणतात. तो बहुधा दहा ते तीस या वयात होतो, सावळ्या-काळ्या त्वचेत जास्त होतो, आणि छाती, खांदा, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. छाती आणि खांदा या टॅटूच्याही आवडत्या जागा आहेत. पंधराव्या वर्षी आपल्या त्वचेचा हा स्वभाव मुलाला अजून कळलेला नसतो. कान टोचल्यावर पाळीवर गाठ आली होती का, घरात कुणाला असे वण आहेत का, एवढीच काय ती खूण हाती असते. कोड आणि सोरायसिससारख्या आजारांत सुईने जखम झालेल्या रेषेवरच नवे चट्टे उमटू शकतात, आणि हे आजारही पुष्कळदा तरुण वयात डोके वर काढतात. लाल शाईची ॲलर्जी सर्वाधिक आढळते, आणि ती महिन्यांनी, कधी वर्षांनीही उद्भवते. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले. ते उगाच नाहीत.

संसर्गाचा धोका वयावर ठरत नाही, दुकानावर ठरतो. एकच सुई किंवा शाईची एकच वाटी दोघांना वापरली, तर ब आणि क प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतात. ब काविळीची लस आहे, बाकी दोन्हींची नाही. भारतात टॅटूनंतर १२ महिने रक्तदानही करता येत नाही.

संमतीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा इथेच येतो. घरून नकार मिळालेला मुलगा जत्रेतल्या टपरीवर जाईल, तिथल्या मळक्या सुईपेक्षा बापाने चांगल्या दुकानात नेलेले बरे, असे पुष्कळ पालक म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. पण तिच्यातून निघणारी मागणी वेगळी असायला हवी: टॅटूच्या दुकानांना परवाना, निर्जंतुकीकरणाची सक्ती, वयाच्या पुराव्याची तपासणी. टपरी धोक्याची असेल तर टपरीला वेसण घालावी. तिच्या भीतीने मुलाच्या त्वचेवर सही करू नये.

सातारा, सांगली, बीडकडच्या ज्या मुलांच्या घरात सैन्यभरतीचे स्वप्न आहे, त्यांना हा प्रश्न थेट पोटापाण्याचा ठरतो. सैन्याच्या नियमांनुसार कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत तो डाव्या हाताच्या आतल्या बाजूला मान्य आहे, कारण सलाम उजव्या हाताने होतो. त्याचा आकारही त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून कमी हवा. २०१७ मध्ये उजव्या हातावरच्या धार्मिक टॅटूमुळे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने नाकारलेल्या सोलापूरच्या एका तरुणाला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. निकाल त्याच्या बाजूने लागला. पण प्रत्येकाला वकील आणि न्यायालय परवडत नाही. सोळाव्या वर्षी उजव्या दंडावर महाराजांची मुद्रा भक्तिभावाने गोंदवून घेणाऱ्या मुलाला दोन वर्षांनी मैदानावर, छाती-उंचीच्या मापानंतर, हा नियम पहिल्यांदा कळावा, याहून वाईट वेळ नाही.

मनाचे म्हणावे तर या वयात भावनेचा वेग मोठा असतो आणि लगाम अजून पुरता तयार नसतो. दूरवरच्या परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. याचा अर्थ मुले मूर्ख असतात असा नाही. सोळा वर्षांच्या मुलीचे आजीवरचे प्रेम मोठ्यांच्या प्रेमाइतकेच खरे असते. पण ते कोणत्या चित्रातून, कोणत्या जागी, किती मोठे सांगायचे याची आवड झपाट्याने बदलते. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत टॅटू असलेल्या अमेरिकी प्रौढांपैकी २४ टक्क्यांनी एका तरी टॅटूचा पस्तावा होत असल्याचे सांगितले. ही सज्ञान माणसांची कबुली आहे.

पस्तावा झालाच तर लेझर आहे, असे दुकानात सहज सांगितले जाते. लेझरचा अतिलघू झोत शाईच्या कणांचे तुकडे करतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. त्यासाठी एका बैठकीने भागत नाही. सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, पिवळी आणि पांढरी हट्टी असते. सावळ्या त्वचेत त्वचेचे स्वतःचे रंगद्रव्यही लेझर शोषून घेते, आणि चित्राच्या जागी पांढुरका किंवा काळसर डाग राहू शकतो. टॅटू पुसण्याचा खर्च तो गोंदवून घेण्याच्या खर्चाहून बहुतेक वेळा जास्त येतो.

मग संमतिपत्रावरची पालकांची सही नेमके काय करते? ती दुकानदाराला धीर देते. उद्या तक्रार आली तर दाखवायला त्याच्याकडे कागद असतो, जरी हलगर्जीपणाची जबाबदारी त्या कागदाने टळत नाही. मुलाचा केलॉइड ती अडवत नाही, भरतीतला नकार अडवत नाही, विसाव्या वर्षीचा मुलाचा बदललेला विचारही अडवत नाही. कान टोचण्याशी होणारी तुलनाही टिकत नाही. कानाचे भोक निदान वापरले नाही तर बुजत जाते. ज्या निर्णयाचे सगळे ओझे पुढे एकट्या मुलावर पडते, तो पालकांच्या सहीने पक्का करू नये. अठरापर्यंत कायमचा टॅटू नको, आणि पालकांची संमती हा त्याला अपवाद असू नये.

नकार देताना विषय मात्र झिडकारू नये. ‘असली थेरं आपल्यात चालत नाहीत’ हे उत्तर चुकीचे आहे, कारण आजीच्या हातावर गोंदण आहे आणि मुलाला ते दिसते. साध्या मेंदीचे चित्र एक-दोन आठवडे टिकते. जागा आणि आकार आवडतो का, हे त्यातून कळते. मात्र जत्रेत मिळणारी ‘काळी मेंदी’ टाळावी. तिच्यात केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन असू शकते. त्याने फोड येतात आणि त्याची ॲलर्जी पुढे जन्मभर राहू शकते.

मुलाने निवडलेले चित्र कागदावर काढून, त्यावर तारीख घालून, घरातच जपून ठेवावे. अठरावा वाढदिवस झाल्यावर तो कागद पुन्हा उघडावा. तेच चित्र तेव्हाही हवे असेल, तर पालकांनी स्वतः बरोबर जावे आणि नव्या सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते ना, ते पाहावे.