हक्क सर्वांचा, पण चित्रपट कोठे?

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत, गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. आज त्याचा स्वामी कोण, असे कोणी विचारल्यास कायद्याचे उत्तर सोपे आहे: तो कोणा एकाचा नाही, सर्वांचा आहे.

भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने चित्रपटाला ५० वर्षांचे संरक्षण दिले. १९९२ च्या दुरुस्तीने ही मुदत ६० वर्षांची झाली. चित्रपट प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ती मोजतात. साठ वर्षांचा हिशोब धरला, तरी १९१३ च्या चित्रपटाची मुदत १९७३ अखेर सरते. त्यानंतर तो दाखविण्यास वा त्याच्या प्रती काढण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही. निर्मात्याला श्रमाचे फळ मिळावे म्हणून हक्क, आणि कालांतराने ती कृती समाजाची व्हावी म्हणून त्या हक्काला मर्यादा, असा हा न्याय आहे.

येथे एक भेद मात्र ध्यानी ठेवावा लागतो. मूकपटाला मुळात ध्वनी नसतो. आज कोणी त्याला नवे संगीत जोडले, तर त्या संगीताचा हक्क स्वतंत्र असतो. जुनी दृश्ये मोकळी झाली, म्हणून नवी स्वररचना मोकळी होत नाही.

परंतु खरी अडचण निराळीच आहे. सुमारे ३,७०० फूट लांबीच्या या चार रिळांच्या चित्रपटापैकी पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केली आहेत. तीही फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई, आणि आगीतून वाचली तरी कालांतराने कुजत जाई. बोलपट आल्यावर जुनी रिळे जपण्यात कोणाला लाभ दिसेना. संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर बहुतेक मूकपट नाहीसे झाले होते.

याउलट फाळक्यांच्याच ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटाचा बराचसा भाग टिकला, आणि बाळकृष्णाच्या भूमिकेतील त्यांची कन्या मंदाकिनी आजही पडद्यावर दिसते. मुदत दोन्ही चित्रपटांची सरली आहे. पाहावयास मिळतो तो जपलेलाच. म्हणून जुन्या घराच्या माळ्यावर एखादे रीळ सापडल्यास ते दिव्यापासून व उष्णतेपासून दूर ठेवावे, आणि टाकून देण्यापूर्वी संग्रहालयास कळवावे. सर्वांच्या मालकीची वस्तू सर्वांपर्यंत पोहोचते, ती कोणीतरी एकाने सांभाळली तरच.