सूचनेला कथेची जोड

व्यावसायिक संवाद अचूक असावा लागतो. परंतु अचूक मजकूर वाचकाच्या स्मरणात राहतोच असे नाही. ‘पिन कोणालाही सांगू नये’ ही सूचना बहुतेक ग्राहकांना ठाऊक असते, तरीही फसवणूक होते. काय करू नये, हे सूचना सांगते. कोणत्या क्षणी थांबावे, हे कथा दाखवते.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेली ‘राजू अँड द फॉर्टी थीव्ज’ ही पुस्तिका याचे उत्तम उदाहरण होय. अलिबाबाच्या कथेची आठवण करून देणाऱ्या या पुस्तिकेत फसवणुकीचे चाळीस प्रकार छोट्या प्रसंगांतून मांडले आहेत.

अशा कथेला पात्र, पेच आणि परिणाम ही तीन अंगे पुरतात. समजा, एका निवृत्त शिक्षिकेने जुने कपाट विकायला काढले. फोनवरील ग्राहक म्हणतो, ‘पैसे पाठवतो, आपण फक्त क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.’ त्या पिन टाकतात आणि खात्यात रक्कम येण्याऐवजी खात्यातून जाते. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, हा नियम मग वेगळा पाठ करावा लागत नाही.

कर्जप्रस्ताव असो वा योजनेची माहिती, हीच पद्धत उपयोगी पडते. मात्र दोन पथ्ये पाळावीत : कथेने आकडे व अटी झाकू नयेत आणि खऱ्या ग्राहकाची ओळख उघड होऊ नये. कथेच्या शेवटी कृतीही सांगावी. उदाहरणार्थ, ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व आपल्या बँकेस कळवावे.