एकशे दहा मिनिटांचं औषध

वाटूर फाट्याहून पहाटेची एसटी धरून पेट-स्कॅनसाठी छत्रपती संभाजीनगरला जायचं, तर शंभराहून जास्त किलोमीटरचा रस्ता आहे. पेशंटला आदल्या दिवशीच बजावलेलं असतं की सहा तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, शुगर आटोक्यात हवी, अंगमेहनत नको. इंजेक्शननंतर तासभर पांघरूण घेऊन पडून राहायचं, शक्यतो बोलायचंही नाही. सोबतच्या मंडळींना हे सोवळं जरा जास्तच वाटतं. पण यातली प्रत्येक अट त्या इंजेक्शनातल्या रेणूच्या घडणीतून आलेली आहे.

एफडीजी नावाचा हा रेणू मुळात साखरच आहे. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन-18 बसवलेला असतो. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं वापरतात, हे ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवलं होतं. पेशी ही नकली साखरही आत घेते, तिच्यावर फॉस्फेट चढवते. पण पुढच्या पायरीला लागणारा गटच जागेवर नसतो. साखर पुढेही जात नाही, बाहेरही पडत नाही, आणि गाठ चमकते. बोललं तर स्वरयंत्राचे स्नायू साखर ओढतात व गळ्यापाशी फसवा डाग उमटतो. कुडकुडलं तर मानेखांद्यांतली तपकिरी चरबी उजळते, म्हणून पांघरूण.

रेणू गुणी, पण चोखंदळ नाही. मेंदू साखरेवरच चालतो, त्यामुळे तिथली गाठ आजूबाजूच्या उजेडात हरवते. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा संथ, त्याला साखरेची फारशी ओढ नसते. आणि आपल्याकडची मोठी डोकेदुखी म्हणजे टीबी. क्षयाच्या गाठींत जमलेल्या प्रतिकारपेशीही साखर ओढतात. छातीतली एखादी ग्रंथी कर्करोगासारखी पेटते आणि खरं काय ते तुकडा काढून तपासल्यावरच कळतं.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ गाठीचा नेमका पत्ता ओळखणारे रेणू घडवू लागले. अशा रेणूचे साधारण तीन भाग असतात: एक टोक पेशीवरचं विशिष्ट प्रथिन पकडतं, दुसऱ्या टोकाच्या पिंजऱ्यात किरणोत्सारी अणू बसतो, आणि मध्ये एक दुवा. शरीरातलं सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक रक्तात दोन-तीन मिनिटांतच मोडतं. ते छाटून, त्यात नैसर्गिक अमिनो आम्लांची उलटी, आरशातली रूपं घालून टिकाऊ केलं, पिंजऱ्यात गॅलियम-68 ठेवला, आणि न्यूरोएंडोक्राइन गाठी शोधणारा डोटाटेट मिळाला. अमेरिकेत त्याला 2016 मध्ये मंजुरी मिळाली. प्रोस्टेटसाठी हायडेलबर्गमध्ये घडलेला पीएसएमए-11 अमेरिकेत 2020 मध्ये मंजूर झाला.

मला यात सगळ्यात रंजक वाटतो तो मधला दुवा. रेणू पाण्यात सहज विरघळणारा असला की लघवीवाटे बाहेर पडतो. पण मूत्राशय प्रोस्टेटला खेटून असल्याने तिथला झगमगाट नेमकी हवी ती जागा झाकतो. मग दुव्याची घडण बदलून पीएसएमए-1007 हा रेणू यकृताच्या वाटेने वळवला गेला. मूत्राशय शांत झालं, तर हाडांत कुठेकुठे निरर्थक ठिपके दिसू लागले. एक भोक बुजवावं तर दुसरं उघडतं.

शिवाय घड्याळ आहेच. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, गॅलियम-68 तर 68 मिनिटांतच. फ्लोरिन-18 बनवणारं यंत्र म्हणजे सायक्लोट्रॉन; देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. टाटा हॉस्पिटलला लागूनच हे भाभा अणुसंशोधन केंद्राचं केंद्र आहे. औषध तयार झालं की तिथल्या पेशंटपर्यंत ते मिनिटांत पोचतं. तेच मुंबईहून गाडीने संभाजीनगरला निघालं आणि साडेपाच तास लागले, तर आठवा हिस्सा उरतो. म्हणजे आठपट भरूनच पाठवायला हवं, आणि घाटात ट्रॅफिक लागलं की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं.

माझ्या मते मराठवाड्यासारख्या भागासाठी म्हणूनच टेक्नेशियम-99एम हा किरणोत्सारी अणू अजून महत्त्वाचा. त्याचं अर्धायुष्य सहा तास, पण तो ज्या मॉलिब्डेनम-99 पासून मिळतो त्याचं 66 तास. मॉलिब्डेनमचा जनरेटर रुग्णालयात आणून ठेवायचा आणि रोज सकाळी गाईची धार काढावी तसं त्यातून टेक्नेशियम काढायचं. सुधारित सोमॅटोस्टॅटिनला हायनिक नावाची जोडणी लावली की ते टेक्नेशियमलाही धरतं. कुपीत आधीच भरलेल्या भुकटीत टेक्नेशियम घालून गरम केलं की औषध तयार. यासाठीचा गामा कॅमेरा पेटच्या मानाने स्वस्त. चित्र मात्र पेटइतकं रेखीव येत नाही, लहान गाठ निसटू शकते, हे मान्यच करायला हवं.

डोटाटेटच्या त्याच पिंजऱ्यात गॅलियमऐवजी ल्युटेशियम-177 बसवला की शोधणारा रेणू उपचार करणारा होतो. हा अणू ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतो आणि निम्मा व्हायला साडेसहा दिवसांहून थोडा जास्त वेळ घेतो, त्यामुळे त्याला रस्त्याची फारशी भीती नाही. हा उपचार सुरू करण्याआधी डॉक्टर स्कॅन करून गाठ रेणूला धरते की नाही ते पाहतात; धरत नसेल, तर ते महागडं इंजेक्शन देत नाहीत.