देवमाशांच्या बेटावर शिरगावकर

देवमासा पाहायला निघालेल्या आमच्या होडीतली निम्मी मंडळी पहिल्या अर्ध्या तासातच कडेला वाकून ओकत होती, आणि त्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

लिस्बनच्या पश्चिमेस सुमारे दीड हजार किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात, अझोर्स नावाची नऊ बेटे आहेत. सगळी ज्वालामुखीच्या पोटातून वर आलेली. अंमल पोर्तुगालचा, म्हणजे १९६१ पर्यंत त्यांचा आणि आम्हां गोवेकरांचा धनी एकच. माझा भाचा प्रवासी जहाजावर स्वयंपाकी आहे. त्याच्या खटपटीने मला सवलतीचे तिकीट मिळाले, आणि जहाज फायाल बेटाच्या बंदरात एक दिवस थांबले, तेव्हा त्यानेही चार तासांची सुट्टी काढली. समोर पिकू बेटाचा २,३५१ मीटर उंचीचा काळा पर्वत, डोक्यावर ढगाची टोपी घालून बसलेला. डिचोलीजवळच्या आमच्या शिरगावात दर वैशाखात लईराईचे धोंड निखाऱ्यांवरून चालतात, त्यामुळे विस्तवाचे मला फारसे नवल नाही. पण अख्खे गावच निवालेल्या विस्तवावर वसलेले पाहिले, ते इथे.

या बेटांचा किनारा सोडला की समुद्राचा तळ एकदम खोल जातो. म्हणून खोल पाण्यात माकूळ शोधणारा स्पर्म व्हेल हा देवमासा काठापासून थोड्याच अंतरावर सापडतो. आपल्या कोकणपट्टीपुढचा समुद्र दूरवर उथळ. आपल्याकडे देवमासा किनाऱ्यावरून दिसतो तो बहुधा वाळूत रुतलेला. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये असेच एक पिल्लू आले होते. लोकांनी जिवाचे रान केले, तरी ते वाचले नाही.

होडीवाला समुद्राकडे बघतच नव्हता. त्याचे कान बिनतारी यंत्राकडे. डोंगरावरच्या एका चौकीत एक माणूस मोठी दुर्बीण लावून बसला होता, आणि फवारा दिसला की दिशा सांगत होता. ही चौक्यांची पद्धत शिकाऱ्यांची. इथले लोक उघड्या होड्यांतून, हाताने भाला फेकून देवमासे मारीत. चरबीचे तेल काढीत. चौकीवरून इशारा झाला की शेतातला माणूस कुदळ टाकून धावे. १९५७ च्या सप्टेंबरात फायालजवळ समुद्र उकळू लागला, तोही पहिल्यांदा चौकीवरच्या टेहळ्यांनीच पाहिला. तो उद्रेक पुढे वर्षभर चालला; राखेखाली घरे गेली, आणि हजारो लोक अमेरिकेला निघून गेले. १९८० नंतरच्या काही वर्षांत शिकार थांबली. शेवटचा देवमासा १९८७ साली मारला गेला. चौक्या मात्र राहिल्या.

“मामा, तो बघा!”

पाण्यावर एक करडे लाकूड तरंगावे तसे काहीतरी. मग डावीकडे तिरका फवारा. या माशाचे नाक डोक्याच्या डाव्या अंगाला असते. होडीवाल्याने यंत्र मंद करून मागच्या बाजूने होडी नेली. दहाएक मिनिटे त्या जिवाने नुसता श्वास घेतला. इतका सावकाश, की माझी ओकारीही थांबली. मग पाठीची कमान झाली, शेपूट सरळ आभाळात उभी राहिली, आणि आवाज न होता खाली गेली. आता तो पाऊण तास वर येणार नव्हता.

भाचा बराच वेळ गप्प होता. त्याच्या वडिलांचा खनिज ओढणारा ट्रक होता. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, तेव्हा तो दारात उभा राहिला तो भंगारात जाईपर्यंत. पोरगा जहाजावर गेला तो त्याच वर्षी.

“चौकीतल्या माणसाचा बाप शिकारी असेल नाही?” तो म्हणाला. “याला दुर्बीण तरी तीच मिळाली. आमच्याकडे काय दाखवायचं? खंदक?”

मी म्हटले, “खंदकात पाणी आहे.”

“आणि आमच्या विहिरी आटल्या, ते कोण सांगणार?”

मला उत्तर सुचले नाही. होडी बंदराकडे वळली होती. पाचला भोंगा होणार होता, आणि त्याला रात्रीच्या जेवणासाठी दोन पोती कांदा चिरायचा होता.